तालमीच्या फळ्यावरचा ढग

आमचं ऑफिस कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत, एका तालमीला खेटून उभ्या असलेल्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर आहे. जिना तालमीच्या भिंतीला लागूनच चढतो. त्यामुळे लाल मातीचा आणि तेलाचा वास आमच्या लॅपटॉपच्या पिशव्यांनाही लागलेला असतो. जिन्याच्या तोंडाशी तालमीचा फळा आहे. पेठेत कोण वारलं, कुणाच्या मुलीला मेडिकलला जागा मिळाली, आपल्या फुटबॉल संघाने काल कुणाला झोपवलं, हे सगळं त्यावर खडूने लिहिलेलं असतं. संघ हरला तर तेही लिहितात, फक्त त्या दिवशी अक्षर जरा बारीक होतं.

मी हुपरीहून येते. माझी बस अशी काही वेळेची आहे, की एक तर मी सगळ्यांच्या आधी पोचते नाही तर सगळ्यांच्या नंतर. नंतर पोचलं की दारातून आत जाताना सगळे वर बघतात, म्हणून मी आधीची बस धरते. ऑफिसची किल्ली त्याच कारणाने माझ्याकडे आली. सरांना वाटतं मी कष्टाळू आहे. मी तो गैरसमज दूर केलेला नाही.

आम्ही दूध संकलनाचं सॉफ्टवेअर करतो. गावोगाव सकाळ-संध्याकाळ लोक डेअरीत दूध घालतात. काटा वजन सांगतो, दुसरं यंत्र फॅट सांगतं, दोन्ही आकडे आमच्या सॉफ्टवेअरमधून क्लाउडवर जातात आणि तिथून पावती होऊन परत येतात. क्लाउड म्हणजे कुणाच्या तरी भल्यामोठ्या खोलीतले कॉम्प्युटर, आपण भाड्याने घेतलेले. आमच्या घराला लागून माझी चुलती राहते, तिच्या दोन म्हशी आहेत. काकूला हे क्लाउडचं मी खूपदा समजावलं. तिचं म्हणणं, दूध हितं आणि हिशोब ढगात, हे काय लक्षण बरं न्हाय.

तर हा ढगवाला कॉम्प्युटर भाड्याने देतो आणि गप्प बसत नाही. दर आठवड्याला त्याच्याकडे काहीतरी नवीन निघतं. ते सगळं इंग्रजीत, लांबलचक, आणि कायम आनंदात. 'कळवण्यास अत्यंत आनंद होत आहे' या चालीवरच प्रत्येक बातमी सुरू होते. नवी सोय आली तरी आनंद, जुनी काढून घेतली तरी आनंद. सोय बंद केली असं ते कधी म्हणत नाहीत, ती निवृत्त होते. मग तिच्या जागी दुसरी येते, तिचं नाव जुन्यासारखंच असतं, फक्त पुढे एक शब्द जोडलेला. वर्षभर वाचल्यावर मला त्या घरची नाती कळायला लागली होती. कोण कुणाची धाकटी, कोण घर सोडून गेली, कुणाचं दुसऱ्यांदा बारसं झालं.

हे वाचायचं काम सरांनी मला दिलं. कारण एकच. मी इंग्लिश मीडियमची. सर पुण्याला बरीच वर्षं नोकरी करून परत आलेले, त्यांचं इंग्रजी माझ्याइतकंच चांगलं आहे. पण इंग्लिश मीडियमची मुलगी ऑफिसात असणं म्हणजे घरात मिक्सर असणं, असा त्यांचा समज असावा. असल्यावर पाट्यावर कोण वाटतंय? सोमवारच्या मीटिंगमध्ये मी 'या आठवड्यात नवीन काय' हे सांगायचं आणि मग मेल पाठवायचा, असं ठरलं.

मीटिंगला आम्ही मोजकेच. सर, मी, सॉफ्टवेअर तपासणाऱ्या एक ताई, आणि एक सहकारी, जो संध्याकाळी पेठेच्या संघाचा गोलकीपर असतो. खरं तर तो दिवसभरही गोलकीपरच असतो. कुणी काही प्रश्न टाकला, की त्याच्या हातात पोचतोच, आणि तो लाथ मारून मैदानाच्या पलीकडच्या टोकाला पाठवतो. माझं बोलणं साधारण पहिल्या वाक्यातच त्याच्या हातात जायचं. मी म्हणायचे, "सर, आता गर्दी वाढली की सर्व्हर आपोआप..." आणि तो म्हणायचा, "गर्दी म्हणशील तर परवाच्या मॅचला." त्यानंतर मॅच.

सरांचंही एक आहे. ते ऐकत नसतात तेव्हा 'बरोबर, बरोबर' म्हणतात. ऐकत असले तर काहीच म्हणत नाहीत. माझ्या वाट्याला कायम दोनदा बरोबर येत असे.

मेलचं काय होतं ते कळायला मार्ग नव्हता, म्हणून मी एक युक्ती केली. मेलच्या शेवटी, नवीन सोयींच्या यादीखाली, पांढऱ्या रश्श्याची कृती टाकली. इंग्रजीत, मुद्देसूद, तशाच आनंदी भाषेत. मटणाचा अळणी रस्सा आता नारळाच्या दुधासह उपलब्ध आहे, वगैरे. पुढच्या आठवड्यात त्यात काजूची सुधारित आवृत्ती दिली. कुणी काही बोललं नाही. मी निश्चिंत झाले आणि थोडी खट्टूही.

फळ्यावर पहिल्यांदा लिहिलं ते एका मंगळवारी. आदल्या दिवशी मीटिंगमध्ये मी अर्ध्या वाक्यावर थांबवली गेले होते. सकाळी जिन्यापाशी आले तर फळा नुकताच ओल्या फडक्याने पुसलेला, कडेला खडू, आणि बोळात एक कुत्रं सोडलं तर कुणी नाही. तालमीतले पैलवान मेहनत संपवून आंघोळीला गेलेले. मी बॅग जिन्यावर ठेवली.

घरी मी जसं बोलते तसं लिहिलं. हे ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं. शाळेत मराठीत बोललं की वर्गाबाहेर उभं करत, म्हणून बाहेर मी जपून बोलते. एकेक शब्द घडी घालून ठेवलेल्या कपड्यासारखा काढते. त्यामुळे ऑफिसात सगळ्यांचा समज, की मला मराठी धड येत नाही. ताई तर माझ्याशी बोलताना सोपे शब्द वापरतात. आणि घरी? घरी चांदीच्या पैंजणांच्या कामाची ठोकाठोक दिवसभर चालू, तिच्यावरून आवाज काढून बोलावं लागतं. तिथं हळू आणि गोड बोलून कुणाला ऐकूच येत नाही.

मी लिहिलं:

'ढगवाल्यांनी नवी सोय काढल्या. गर्दी झाली की सर्व्हर आपोआप वाढत्यात, गर्दी सरली की आपोआप कमी हुत्यात. आमच्या मांडवातली माणसं तेवढी जेवण झाल्यावर बी हलत न्हाईत.'

वर गेले, हात धुतले, खिडकीत उभी राहिले. हळूहळू लोक आले. एक जण वाचून हसला. दुसऱ्याने त्याला विचारलं, ढगवाले म्हणजे कोण. तिसऱ्याने, काही माहीत नसताना, समजावून सांगितलं. गोलकीपर आला, थांबला, वाचलं, आणि वर येऊन सगळ्यांना तोंडपाठ म्हणून दाखवलं. सर हसले आणि म्हणाले, अरे, ही सोय खरंच आली आहे का? बघायला पाहिजे. मी त्यांना हे आदल्या दिवशी सांगितलं होतं.

मग मला चटक लागली. रोज नाही. रोज लिहिलं असतं तर पकडली गेले असते. पण मधूनमधून, फळा पुसलेला असेल आणि बोळ मोकळा असेल तेव्हा. कोड लिहायला आता यंत्र मदत करणार होतं, तेव्हा लिहिलं, 'आता यंत्र कोड लिहिणार हाय. चूक कुणाची, ह्यावर भांडायला मात्र माणसंच लागणार.' पासवर्ड कोडमध्येच लिहून ठेवू नका, त्यासाठी वेगळी तिजोरी काढली आहे, अशी बातमी होती, त्यावर, 'कुलूप लावायचं आणि किल्ली दारालाच टांगायची, हे बंद करा. वरच्या मजल्यावरच्यांनी तर आजच करा.' त्या दिवशी ताईंनी न बोलता सकाळभर बसून सगळे पासवर्ड हलवले. मी हेच मेलमध्ये तीनदा लिहिलं होतं.

बोळात लोक एकमेकांना विचारायला लागले, आज ढगात काय? लिहिणारा कोण, याचाही शोध सुरू झाला, आणि तो फार लवकर संपला. पेठेतला, कॉम्प्युटरमधला, तोंडाळ, म्हणजे गोलकीपरच. कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणालं, लई भारी लिवतोस की. तो नाही म्हणाला नाही. 'असंच आपलं' म्हणाला. दुसऱ्या दिवशी कानावर खडू अडकवून ऑफिसात आला. मी माझ्या स्क्रीनकडे बघत राहिले. माझं गाल चावून धरण्याचं कौशल्य शाळेपासूनचं आहे.

तालमीचे वस्ताद मात्र काही बोलत नसत. पांढऱ्या मिशा, सदरा, गुडघ्यांमुळे जपून चालणं. सकाळी, बोळात वर्दळ सुरू झाली की, खुर्ची टाकून फळ्यासमोर बसायचे. फळा तालमीचा, म्हणजे त्यांचा. त्यावर कुणी काही लिहिलेलं आवडलं नाही, तर ते स्वतः उठून पुसत. माझं त्यांनी एकदाही पुसलं नाही.

त्यानंतर तो मेल आला. ढगवाल्याचा, नेहमीसारखाच आनंदी. आम्ही वापरत होतो त्या डेटाबेसची आवृत्ती निवृत्त होत होती. डेटाबेस म्हणजे जिथे सगळ्या दुधाची नोंद राहते ती जागा. आपण होऊन बदललं नाही, तर येत्या रविवारी, तुम्हीच ठरवून दिलेल्या देखभालीच्या वेळेत, आम्ही तो बंद करू, नवीन आवृत्ती चढवू आणि चालू करू. डेटा मोठा असेल तर बराच वेळ लागेल.

मी सेटिंग उघडून ती वेळ पाहिली. बघण्याची परवानगी मला होती, बदलण्याची फक्त सरांना. रविवार, शून्य वाजून शून्य मिनिटं. म्हणजे शनिवारी मध्यरात्री, सगळं जग झोपलेलं असताना. सरांनी विचार करूनच ठेवली होती. फक्त ढगवाल्याचं घड्याळ आपलं नव्हतं. तो सगळ्या जगासाठी एकच घड्याळ लावतो, आणि ते विलायतेच्या हिशोबाने चालतं. त्याचे रात्रीचे बारा म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच.

पहाटे साडेपाचला आमच्या गावात काय चालतं हे मला बघायला लागत नाही. काकूच्या किटलीची कडी वाजते त्यानेच मला जाग येते. डेअरीसमोर रांग, आत काटा, टँकर यायची घाई. म्हशीला रविवार नसतो. हाताने पावती लिहायची पुस्तकं आम्हीच मोठ्या अभिमानाने बंद करायला लावली होती. नोंद नाही तर पावती नाही, पावती नाही तर दूध ओतायला कुणी तयार नाही, आणि टँकर थांबत नाही. कितीतरी गावांत ते दूध रांगेतच उन्हं खात बसलं असतं. आधीही कधीकधी रविवारी पहाटे पावत्या अडकायच्या. तेव्हा आम्ही गावातल्या रेंजला शिव्या द्यायचो. बारीकसारीक दुरुस्त्या त्याच वेळेला होत असणार, हे मला त्या क्षणी कळलं. यावेळी दुरुस्ती बारीक नव्हती.

सोमवारच्या मीटिंगमध्ये मी सांगितलं. म्हणजे, सुरुवात केली. सर म्हणाले, "मेल आलाय मला. अगं, मी मुद्दाम रात्री बारा ठेवलंय. काळजी करू नकोस."

मी म्हटलं, "सर, पण ते बारा..."

सर म्हणाले, "बरोबर, बरोबर." आणि गोलकीपरने रविवारच्या मॅचचा विषय काढला.

दुपारी मी त्यांच्या केबिनपर्यंत गेले. ते फोनवर होते. मी दारात उभी राहून परत आले. वाटेत पाणी प्यायले, म्हणजे कुणाला वाटावं की पाण्यासाठीच उठले होते. मंगळवारी मेल लिहिला, विषयात तातडीचं असं घालून. बुधवारी पुन्हा केबिनपाशी गेले, तर आत एक डेअरीचे चेअरमन बसलेले आणि सर त्यांना सांगत होते, की आपली सिस्टिम एक मिनिट बंद पडत नाही. चारचौघांसमोर साहेबाला चुकलात म्हणणं, हे धाडस काही लोकांना सहज जमत असेल. मी परत येऊन जागेवर बसले.

गुरुवारी फळा पुसलेला नव्हता. कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या. मी त्या पुसल्या. वाढदिवस आदल्या दिवशीच होऊन गेला होता, याची मी तारीख बघून खात्री केली. आणि मोठ्या अक्षरात लिहिलं:

'येत्या रविवारी पहाटे साडेपाचला वरच्या मजल्यावरच्यांचा डेटाबेस दुरुस्तीला जाणार हाय. त्या वक्ताला गावोगाव दूध घालायची रांग असती. पावती निघणार न्हाय. सायबास्नी वाटतंय रात्री बारा हाय. ते बारा विलायतेचं हाईत. कुणीतरी वर जाऊन सांगा की.'

मला वाटलं होतं, सर जिना चढताना वाचतील. तेवढ्यासाठीच तर लिहिलं होतं. पण सरांनी त्या दिवशी जिना चढताना फोनवर बोलत बोलत फळा ओलांडला. वाचला तो बाकीच्या पेठेने. आणि पेठेत बातमी जशी पुढे जाते तशी ती गेली. पहिल्याने सांगितलं, रविवारी दुधाच्या पावत्या निघणार नाहीत. पुढच्याने सांगितलं, दूध निघणार नाही. कोपऱ्यावर पोचेपर्यंत रविवारी कोल्हापुरात दूध बंद होतं, आणि आमच्या ऑफिसने ते बंद केलं होतं. खाली तालमीत मेहनत करून दुधावर जगणारी माणसं. ती काय शांत बसतात होय?

जिन्यावर पावलं वाजली. जड आणि सावकाश. वस्ताद आमच्या ऑफिसात कधीच आले नव्हते, त्यांचे गुडघे जिन्याला नाही म्हणत. त्या दिवशी आले. मागे दोन पैलवान, दारात उभे राहिले तर उजेड कमी झाला. सर फोन ठेवून उठले, खुर्ची पुढे केली, चहा सांगतो म्हणाले.

"च्या नगं," वस्ताद म्हणाले. "रविवारी दूध बंद करताय म्हणं?"

सर हसले. असं काही नाही, हे आमचं आतलं काम आहे, शनिवारी रात्री बाराला होईल, कुणाला कळणारही नाही, असं त्यांनी नीट समजावून सांगितलं. वस्ताद म्हणाले, फळ्यावर तर साडेपाच लिवलंय. तेव्हा सर चुकले. ते म्हणाले, "वस्ताद, फळ्यावर काय, कुणीही काहीही लिहितं."

पैलवानांनी एकमेकांकडे बघितलं. वस्तादांनी खुर्चीत बसून गुडघे चोळले.

"आमच्या फळ्यावर खोटं येत न्हाय सायब," ते म्हणाले. "आमी हरल्यालं बी लिवतो. तुमी कवा हरल्यालं लिवलंय का? दावा ती वेळ."

सरांनी लॅपटॉप फिरवला. सेटिंग उघडलं. हे बघा, शून्य शून्य, म्हणजे रात्रीचे बारा. आणि बोट तिथेच राहिलं. त्या शून्यांच्या पुढे तीन बारीक अक्षरं असतात, घड्याळ कुठलं ते सांगणारी. ती तिथे कायमच होती. सरांनी चष्मा वर केला, खाली केला. त्यांनी तोंडातल्या तोंडात साडेपाच मिळवले. मग ते अजिबात काही म्हणाले नाहीत.

खोलीत सगळ्यांच्या लक्षात आलं, की फळा खरा आहे. आणि सगळ्यांनी एकाच वेळी गोलकीपरकडे बघितलं, कारण फळा त्याचा.

"तू लिहिलंस ना?" सर म्हणाले. "मग मला सरळ सांगायचं होतंस. ये, बस इथं. बदल वेळ."

गोलकीपरचा चेहरा मी आयुष्यभर जपून ठेवणार आहे. पेनल्टी त्याच्यावर आली होती आणि गोल नेमका कुठे आहे तेच त्याला दिसत नव्हतं. वर मागे दोन पैलवान. तो खुर्चीत बसला, माऊस धरला, आणि शूर माणसासारखा म्हणाला, "सोप्पं हाय की सर. शून्यच्या जागी बारा टाकतो. म्हणजे घोळच नको."

टाकलेही. बारा शून्य शून्य. माऊस 'सेव्ह'कडे निघाला.

विलायतेचे दुपारचे बारा, म्हणजे आपल्या संध्याकाळचे साडेपाच. सकाळची रांग वाचवून तो संध्याकाळची रांग बुडवायला निघाला होता. ताई मान डोलावत होत्या. सर मान डोलावत होते. पैलवानसुद्धा मान डोलावत होते. मला काकूची किटली दिसली.

"नगं," मी म्हटलं. "आवं थांबा की. तितं बारा केलं, तर आपलं सांजचं साडेपाच हुत्यात. तवा बी लोक धारा काढत्यात. चार दिस सांगतोय आमी, कुणी ऐकून घ्याल तर शपथ."

आवाज घरातला लागला होता. ठोकाठोकीवरून जाणारा.

ताईंनी तोंडावर हात ठेवला. गोलकीपरने माऊस सोडून दोन्ही हात वर केले, जसे चेंडू आत गेल्यावर करतात. वस्ताद माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. मला वाटतं, त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. पहाटेपासून तालमीत असलेल्या माणसाला दारातून, बोळात कोण खडूचा हात झटकत जिना चढतं ते दिसणारच. पण मी कधी विचारलं नाही, आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही.

"मग किती टाकायचं?" सरांनी विचारलं. हळू. मला पुन्हा घडीचे शब्द सापडले होते. मी म्हटलं, शनिवार, साडेअठरा. म्हणजे आपली मध्यरात्र. सरांनी गोलकीपरला उठवलं आणि खुर्ची माझ्याकडे केली. मी उभ्यानेच वेळ घातली, दोनदा वाचली, आणि सेव्ह केलं.

वस्ताद उठले. दारात थांबून सरांना म्हणाले, "पोरगी बोलत न्हाय म्हणून तिचं ऐकू येत न्हाय, असं करू नगासा." मग जिना. पैलवानांनी उतरताना त्यांचा हात धरला, आणि त्यांनी तो झटकलेला मला वरून दिसला.

रविवारी पहाटे मी काकूच्या मागोमाग डेअरीत गेले. तिला नवल वाटलं, कारण मी रविवारी उठत नाही. मी सांगितलं, सहज. रांग होती. पुढच्या बाईची फॅट कमी लागली म्हणून ती यंत्राला नावं ठेवत होती. काकूने किटली दिली, काट्यावर आकडा आला, फॅटचा आकडा आला. छपाईयंत्राने घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज केला आणि पावती बाहेर ढकलली. मागची बाई पुढे सरकली.

"निघाली," मी म्हटलं.

काकूने पावतीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "रोजच निघती," ती म्हणाली. "तू काय पावती बघायला आलतीस?"

मी व्हय म्हटलं. तिने पावती पदराच्या गाठीत बांधली आणि वाटभर मला लग्नाचं वय झाल्याचं सांगितलं.

सोमवारी सकाळी जिन्याशी आले तर फळ्याच्या मधोमध खडूने एक उभी रेघ मारलेली होती. डावीकडे बारीक अक्षरात संघ हरल्याची बातमी. उजवीकडचा अर्धा भाग स्वच्छ पुसलेला, आणि कडेला अख्खा, न मोडलेला खडू. वस्ताद समोर खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते चेहऱ्यासमोर जरा जास्तच उंच धरलं. पहिल्यांदाच कुणीतरी बघत असताना मी लिहिलं. अक्षर मोठं आलं.

वर गेल्यावर मेल उघडला. ताईंनी गेल्या काही महिन्यांतले माझे सगळे मेल शनिवारी बसून वाचले होते. शेवटच्या मेलला त्यांचं एका ओळीचं उत्तर होतं. 'रश्श्यात खसखस विसरलीस.' त्याखाली सरांचं, 'आणि तीळ.'

मीटिंगला सगळे वेळेवर आले. सरांनी फोन उलटा ठेवला. गोलकीपरने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ओठ घट्ट मिटले. काल हरल्यामुळे तसाही त्याच्याकडे विषय नव्हता. कुणीही मध्ये बोलणार नव्हतं. एवढे सगळे चेहरे एकदम माझ्याकडे वळले.

"हं," सर म्हणाले. "आज ढगात काय?"

मी वही मिटली.

"खाली फळ्यावर लिवलंय की," मी म्हटलं. "वाचून या जावा."

मग सर उठले, त्यांच्यामागे ताई, आणि शेवटी, मान हलवत, गोलकीपर. जिना वाजत गेला. मी खिडकीत जाऊन बघितलं. बोळात तिघं फळ्यासमोर उभे होते, आणि वस्तादांनी वर्तमानपत्र खाली घेऊन सरांना जरा बाजूला सरकायला सांगितलं, कारण मागच्यांना दिसत नव्हतं.